जागचा न हललेला कप

४ फेब्रुवारी

दादा,

चहाच्या नमुन्याचा डबा मिळाला. चिठ्ठी या वेळीही नव्हती. विसरला असशील असं म्हणायची सोय नाही, कारण डब्याला चिकटपट्टी तू स्वतः लावतोस. चारही बाजूंनी, कोपरे दुमडून, बाबा लावायचे तशी. ते कोपरे उघडणं माझ्या बोटांना जमत नाही. खालच्या लाँड्रीवालीला हाक मारावी लागते. ती दातांनी उघडते आणि दर वेळी विचारते की हा तुझा भाऊ डब्यात नक्की काय लपवतो.

आधी मालाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी तुझं काम अडायला नको. पान चांगलं वळलंय, भुकटी कमी आहे. कोरड्या पानाला किंचित करपल्याचा वास आहे, पण तो ताज्या भट्टीचा, थोडे दिवस ठेवलास तर निघून जाईल. भिजल्यावर पान तांबूस आणि एकसारखं दिसतं. वासाला पास. चवीचं तू बघ. दर डब्यामागे हे लिहिते, आजही लिहिते: मला नाकाचं विचार, तोंडाचं विचारू नकोस.

गेल्या हिवाळ्यात पहिला डबा आला तेव्हा मला वाटलं ड्रायव्हरमामांचा पत्ता चुकला. तू माझा फोन उचलत नाहीस, रस्त्यात दिसलास तर दुकानाच्या पाट्या वाचायला लागतोस, आणि अचानक डबा. मामा खाली मान घालून म्हणाले, साहेबांनी दिलाय, वास घेऊन काय वाटतं ते लिहून मागितलंय. बोलून नको, लिहून. मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्यावर राग आहे, चहावर नाही. आणि खरं सांगायचं तर भिजलेल्या पानावरचं झाकण उघडून नाक आत घातलं की तेवढा वेळ मी पुन्हा बाबांच्या चहा चाखायच्या टेबलापाशी असते. तेवढ्यासाठी मी तुझी फुकट नोकर झाले.

तब्येत तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. सकाळी बोटं उघडत नाहीत. कोमट पाण्यात हात बुडवून बसते, मग पेन धरता येतं. हे सांध्यांचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि तोंडात लाळ नाही, हे दुसरं. गळ्यातली ग्रंथी मंदावली म्हणून वजन वाढलं, हे तिसरं. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच आजार लाडका. सांध्यांच्या डॉक्टरीणबाई जी गोळी देतात तिने तोंडात फोड येतात. त्या फोडांसाठी दातांचा डॉक्टर मला रागावतो, जशी मी हौसेने गोळी खाते. सुजेवरची गोळी घेतली की पोट पेटतं. पोटाचा डॉक्टर म्हणतो ती बंद करा, मग सकाळी गुडघा म्हणतो आज उठायचं नाही.

डॉक्टरीणबाई मात्र भल्या आहेत. त्यांनी मला नीट बसवून सांगितलं की हे सगळे आजार एकमेकांचे सख्खे आहेत, एक आला की दुसरा वाट शोधत येतो. शरीर आपल्याच अवयवांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. मी म्हटलं, बाई, हे मला समजवायला नको, मी एका कुटुंबात वाढले आहे. त्या हसल्या. मी पण हसले, पण ओठ फुटला.

आता कामाचं. टेस्टर मंडळाचे अध्यक्ष नवीन मुलांसाठी वर्ग काढतायत. पान ओळखणं आणि वास घेणं शिकवायला त्यांना माणूस हवाय. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बाबांच्या हाताखाली तयार झालेलं तुझ्याइतकं चांगलं नाक नाही, पण त्या खारट मालाचा डाग तुझ्या नावावर आहे, तो पुसल्याशिवाय मंडळ तयार होणार नाही. एप्रिलच्या बैठकीत विषय ठेवलाय. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसून शर्टांना चिठ्ठ्या लावते, दादा. मला तो वर्ग हवाय. दुसरं काहीही नको.

त्या बैठकीत तू एक वाक्य बोलायचंस. कोणतं ते तुला माहीत आहे.

नकटी


२० फेब्रुवारी

दादा,

नवीन डबा मिळाला, माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. म्हणजे ड्रायव्हरमामा पत्र पोचवतात, तू पहिला परिच्छेद वाचतोस आणि बाकीचं टोपलीत. म्हणून या वेळी मालाचं शेवटी लिहिणार आहे.

तुला वाक्य माहीत नसेल तर आठवण करून देते.

बाबांनी जाताना टेबल मला दिलं आणि ऑफिस तुला. तुझी जीभ वाईट नव्हती. बाबा म्हणायचे, याची जीभ बरी आहे पण हा तिचं ऐकून घेत नाही. ते तुला लागलं, हे मला कळत होतं. पण बाबांचा राग तू बाबांवर काढायचा होतास. ते गेल्यावर तू माझ्याशी टेबलाचं भाडं मागणाऱ्या मालकासारखा वागायला लागलास.

टेबलाचा नियम आपल्या घराचाच. चाखताना कोणी बोलायचं नाही, नाक मुरडायचं नाही, मान हलवायची नाही. कप पुढे सरकवला की पास. आपल्याकडे ओढला की नापास. बाहेरच्या टेस्टरांना हसू यायचं, पण गिऱ्हाईकं समोर उभी असायची ती याच्यासाठी. आपल्या घरचा कप पुढे आला की दुसरं कोणी चाखून बघायचं नाही, इतका त्याला मान.

त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडाला काय होतंय ते मला कळत नव्हतं. आधी वाटलं माल सपक येतोय. मग जेवण सपक लागायला लागलं. मग एक दिवस जीभ टाळ्याला चिकटली ती बोटाने सोडवावी लागली. लोक नुसतं म्हणतात तोंडचं पाणी पळालं, माझं खरंच पळालं. मी तुझ्या केबिनमध्ये आले. दार लावलं. तू बिलं बघत होतास. मी म्हटलं, "दादा, मला चव लागत नाहीये. गोड-खारट काहीच कळत नाही. उद्या टेबलाशी दुसऱ्या कोणाला उभं कर."

तू मान वर न करता म्हणालास, "पाणी पी. उन्हाळा आहे. आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस."

वहिनी बंद दाराबाहेरच होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाल्या, कामाचा कंटाळा आला की हिला नवीन दुखणं सुचतं. त्याआधी बोटं दुखतात म्हणून मी टेबल पुसायचं बंद केलं होतं, त्याचा तो हिशेब.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं समोर, मी टेबलाशी, सगळे कप मांडलेले. वासावरून जे कळलं ते कप मी हलवले. त्या एका कपाला वास चांगला होता, रंग चांगला होता, आणि तोंडात नुसतं गरम पाणी. मी तो पुढेही सरकवला नाही, मागेही ओढला नाही. जागेवर ठेवला. आपल्या घरात कप जागेवर ठेवायला काही अर्थच नव्हता, कारण तशी वेळ बाबांवर कधी आली नव्हती. मला दुसरं काही सुचलं नाही. तू म्हणालास बोलू नकोस, नियम म्हणाला बोलू नकोस, मग मी कपाला बोलायला लावलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. मग तू माझ्या शेजारून हात घातलास आणि दोन बोटांनी कप पुढे सरकवलास.

त्या मालाची पोती बंदरात समुद्राच्या पाण्यात भिजली होती आणि विकणाऱ्याने वाळवून पुन्हा भरली होती. मिठाला वास नसतो, दादा. नाक तिथे काही करू शकत नाही. गिऱ्हाईकाने सगळा माल परत पाठवला आणि मंडळासमोर तू म्हणालास, टेबल बहिणीकडे आहे, कप बहिणीने पास केला. कोणीतरी मागून म्हणालं, तिला विकणाऱ्याने पैसे देऊन खूश केलं असेल. तू त्यावर घसा खाकरलास. नाही म्हणाला नाहीस.

तर ते वाक्य असं: कप मी सरकवला.

माल: पान फुटलेलं आहे, वास स्वच्छ, जरा दमट. पोती जमिनीला टेकवून ठेवू नका. चवीला कसा लागला ते या वेळी तरी कळव. मी विचारते आणि तू कधीच सांगत नाहीस. तुझ्या तोंडाचं आणि माझ्या नाकाचं जुळतं का ते मला बघायचं असतं, बस.

नकटी


९ मार्च

दादा,

हे पत्र हॉस्पिटलमधून. अक्षर लाँड्रीवालीचं आहे, मी सांगतेय. तिने आधीच बजावलंय की शिव्या लिहिणार नाही, म्हणून हे पत्र जरा मवाळ वाटेल.

चौथा पाहुणा आला. गालांवर चट्टे उठले होते, मी उन्हाला दोष दिला. मग पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, आता मूत्रपिंडावर आलंय, याचं नाव ल्युपस. मी विचारलं, आधीचे तीन गेले का? म्हणाल्या, नाही, सगळे आहेत. त्यांनी इतर डॉक्टरांना एका खोलीत बसवलं आणि पहिल्यांदा सगळ्यांच्या गोळ्या एकाच कागदावर आल्या. निम्म्या एकमेकींच्या वैरी निघाल्या. सांधे दुखतात म्हणून जी गोळी मी वर्षानुवर्षं खाल्ली ती या मूत्रपिंडाला विष. आता मोठं औषध शिरेतून देतायत. त्याने या चारही पाहुण्यांना एकदम झोप लागेल म्हणतात. पण बाहेरचं साधं सर्दी-पडसंही मला महागात पडेल. घोळक्यात जायचं नाही, म्हणजे नाहीतरी कोणी बोलवत नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं: नाक राहील ना? त्या म्हणाल्या, कोरडेपणा नाकातही उतरू शकतो, खपल्या धरल्या तर वास कमी होईल, मिठाच्या पाण्याचे थेंब घालत राहा. मला रडायचं होतं पण त्याचाही माल संपलाय. डोळे नुसते जळतात. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, पोरगी धीराची आहे, डोळ्यांतून टिपूस नाही.

आणि वहिनी आल्या होत्या. मला वाटलं औषधाने भास होतोय. हातात काही नाही, तोंडावर पावडर नाही, खुर्ची ओढून बसल्या. कशी आहेस वगैरे झालं आणि मग चौकशी सुरू. पहिल्यांदा काय झालं, तोंड आधी की डोळे आधी? रात्री पाणी प्यायला उठावं लागायचं का? कानाखाली सूज यायची ती दोन्हीकडे की एकीकडे? दाबली तर दुखायची? वकिलालाही इतके प्रश्न सुचत नाहीत. मी म्हटलं, वहिनी, मी खोटं बोलत होते की नाही ते आत्ता तपासताय का? तर उठल्याच. जाताना माझ्या पांघरुणाची घडी नीट केली. तू पाठवलं होतंस ना? म्हणजे बैठकीत म्हणायला बरं, बघा, तिचं सांगणं दर वेळी वेगळं असतं. मी त्यांना मूत्रपिंड आणि सांधे यापलीकडे धड काही सांगितलं नाही.

लाँड्रीवाली म्हणते, हे लिहू नकोस, माणूस आलं हेच खूप. ती फार चांगली आहे, म्हणून तिचं कोणी ऐकत नाही.

नकटी


२५ मार्च

दादा,

मी घरी आले आणि घरी तुझा डबा वाट बघत होता. मला बरं वाटलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याच्याआधी मला खरंच बरं वाटलं होतं. नाक चालतंय का ते तुझ्याच डब्यावर बघायचं ठरवलं. पट्टी स्वतः सोडवली, दात न लावता. झाकण उघडलं आणि वास आला. जरा उशिरा आला, पण आला. पान काळं, घट्ट वळलेलं, फळासारखा गोडसर वास, बाबांच्या वेळी वर्षातून एकदा यायचा तसला माल. मी दोन वेळा भिजवून बघितला.

वास घेऊन झाला की उरलेला चहा लाँड्रीवाली पिते, हा आमचा रिवाज. तिने घोट घेतला आणि थांबली. म्हणाली, "यात मीठ पडलंय का गं?"

मी म्हटलं काहीतरीच. तिने माझं साखरेचं भांडं बघितलं, हुंगलं, चाटलं. साखरच होती. चहाचं भांडं विसळून तिने स्वतःच्या हाताने पुन्हा केला. पुन्हा तेच. मी घोट घेतला, तोंडात घोळवला, बेसिनमध्ये थुंकला. गरम पाणी. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले आणि मला समजलं.

वा, दादा. इतकी वर्षं तुला विनोद जमत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. खारट मालावरून हाकललेल्या बहिणीला, बैठक तोंडावर आलेली असताना, खारट चहा पाठवायचा आणि ती पास म्हणते का बघायचं. बघा, अजूनही हिला कळत नाही. सगळ्यांना दाखवता येईल. स्वयंपाकघरात जाऊन मीठ घेतलंस तेव्हा वहिनींनी विचारलं नाही, काय करतोयस? की त्यांनीच प्रमाण सांगितलं? म्हणून का त्या हॉस्पिटलमध्ये येऊन माझ्या तोंडाची चौकशी करून गेल्या?

माझ्या बोटांची, डोळ्यांची, पोटाची थट्टा झाली, ती मी गिळली, तीही सुक्या घशाने. पण चहात तू मीठ कालवलंस. बाबांच्या टेबलावर वाढलेल्या माणसाने. असला उत्तम माल नासवताना तुझा हात कसा धजावला तेच मला कळत नाही. माझा अपमान करायचाच होता तर भुकटीत करायचास.

मत पाठवत नाही. यापुढे डबे पाठवू नकोस. मामांना मी दारातूनच परत पाठवेन, आणि ते मला आवडतात, त्यामुळे माझ्यावर ती वेळ आणू नकोस.

बैठकीला मी येणार आहे. डॉक्टरीणबाई नको म्हणतात, घोळक्यात जाऊ नकोस. मी तोंडाला फडकं बांधून येईन. तुला जे करायचं ते कर.


११ एप्रिल

दादा,

उद्या बैठक. मामा नाहीत, हे लाँड्रीवाली तुझ्या ऑफिसात देऊन येते आहे. पहिल्याच ओळीत सांगते: मिठाचं मी कोणाला बोलले नाही.

मला भांडायचं नाही. मला भरपाई नको, माफी नको, टेबल परत नको. अध्यक्ष मला बजावून गेलेत की मंडळाला एवढंच बघायचंय, मी जाणूनबुजून चुकीचा कप पास केला की नाही. तू फक्त म्हण की तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि कप मी सरकवला. हसतील थोडं. तुझा धंदा आता जमलाय, तुला कोणी हात लावणार नाही. मला मात्र याच्यावाचून वर्ग मिळणार नाही.

हात जोडून मागायची माझी रीत नाही. बोटं तशी जुळतही नाहीत. पण मागते आहे, असं समज.

नकटी


१७ एप्रिल

दादा,

मी पाच दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर ते लाँड्रीवालीनेही पोचवलं नसतं.

तू उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, झालं, हा बोलणार. तुझी पाठ बाबांसारखी ताठ होती. तू म्हणालास, माझी बहीण तेव्हा आजारी होती आणि ते आम्हां कोणालाच माहीत नव्हतं. मग तू एकेक आजार सांगितलास. सांध्यांचा, गळ्याच्या ग्रंथीचा, मूत्रपिंडाचा, आणि तो कोरडेपणाचा, ज्याचं नाव शोग्रेन. हे एकाच माणसाला एकत्र होऊ शकतं, असं तू त्यांना समजावून सांगितलंस. आयुष्यभर ज्याला तू नाटक म्हणालास त्याची तू डॉक्टरासारखी फोड केलीस. सगळे हळहळले. शेवटी तू म्हणालास, "तिला चव लागत नव्हती, आणि ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिचा दोष नाही."

एक अक्षर खोटं आणि बाकी सगळं खरं. इतकं सफाईदार काम तू टेबलावर कधी केलं नव्हतंस.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. म्हातारा खरोखर वाईट वाटून म्हणाला, "बाई, तुमचं नाव स्वच्छ झालं. पण जिला स्वतःची जीभ गेलेली कळली नाही, तिच्या हाताखाली मी मुलं कशी देऊ?"

कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण वावगं काही नव्हतंच. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. टेस्टरची जीभ गेली तर चालतं, ती गेलेली त्याला कळायला हवी आणि त्याने ते सांगायला हवं. मी दोन्ही केलं होतं. तू माझ्या बाजूने बोललास आणि माझ्याकडे उरलेलं एवढं एकच काढून घेतलंस.

मी उठले. तू बघितलंस मी उठले ते. तोंडावरचं फडकं काढलं. जे म्हणायचं होतं ते ओठांवर होतं.

तेवढ्यात तू खाली बसलास आणि ग्लास उचललास. बोलताना तू दर वाक्याला पाणी पीत होतास, ते मी रागात मोजलं नव्हतं. समोर बिस्किटांची बशी फिरली, तू एक तोंडात टाकलंस. तुला गिळता येईना. तू चावत राहिलास, पुन्हा पाणी घेतलंस, जीभ टाळ्याला लागून चट् असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मग तू तळवा कानाखाली धरलास, एकदा इकडे, एकदा तिकडे. सूज दोन्हीकडे आहे, दादा. दाबल्यावर दुखते का?

शोग्रेन हे नाव मी तुला कधी लिहिलेलं नाही. वहिनींनाही सांगितलं नाही. मी स्वतः ते आजपर्यंत चुकीचं म्हणते, डॉक्टरीणबाई दर वेळी हसतात. तू ते म्हणताना अडखळला नाहीस. ज्याने ते स्वतःच्या नावापुढे ऐकलंय तोच असं बिनचूक म्हणतो. गेल्या हिवाळ्यापासून ना? डबे तेव्हापासूनच आले. मी समजत होते तुला माझं नाक पटलं. तुझी जीभ गेली म्हणून तुला नाक लागलं. वहिनी माझी चौकशी करायला आल्या नव्हत्या, तुझी करायला आल्या होत्या.

मी खाली बसले. का बसले ते मला विचारू नकोस. मला दया आली असं समजून स्वतःला बरं वाटून घेऊ नकोस. मला त्या क्षणी तुझा नुसता राग आला: तुला आजार खरा आहे हे कळायला तो तुझ्या तोंडात यावा लागला, आणि आल्यावरही तू तो माझ्या नावावर खपवलास.

आता मालाचं. मार्चमधला डबा खारट आहे. त्यात मीठ तू घातलेलं नाहीस, तुला ते लागलंच नाही. म्हणजे गोदामात तो सगळा माल तसाच आहे आणि वासाला तो इतका सुरेख आहे की तू तो पास करणार. करू नकोस. पाठवलास तर तो परत येईल, आणि या वेळी टेबलाशी बहीण नाही. हे मत माझ्या नाकाचं नाही, लाँड्रीवालीच्या जिभेचं आहे, पण ती जीभ खणखणीत आहे. मिठाबद्दल मी तुला जे बोलले ते मागे घेते. बाकीचं काही मागे घेत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जा. सुट्या सुट्या डॉक्टरांकडे फिरू नकोस, मी फिरले आणि मूत्रपिंड घालवून बसले. सांधे धरायला लागले की सुजेवरच्या गोळ्या आपल्या मनाने खाऊ नकोस. दात सांभाळ, लाळ नसली की ते आतून किडतात. डोळ्यांत थेंब घाल, आणि लाँड्रीच्या वाफेत बसायचं असेल तर ये, सकाळी जागा असते. मी काउंटरवर असेन. तुझ्याशी बोलेन असं नाही.

अध्यक्षांना मी तुझ्याबद्दल काहीही सांगणार नाही. माझं मी वेळेवर सांगितलं होतं, तुझं तू सांग. गिऱ्हाईकांना सांग, मंडळाला सांग. समोरचा म्हणेल पाणी पी, उन्हाळा आहे. कोणी म्हणेल कामाचा कंटाळा आलाय. त्याची सवय होत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

पण तुला सुरुवात करायला कोणीतरी हवं, म्हणून मी पहिली. तुझ्या तोंडाला चव लागत नाही. तू उगाच म्हणत नाहीयेस. कुठली तपासणी बघायला मागत नाही, वहिनींना विचारत नाही, माझा विश्वास आहे.

बघ, किती सोपं होतं.